मुरमाच्या वाटा: पुण्याभोवती बिनागर्दीची ग्रॅव्हल सायकल कशी सुरू करावी

पुण्यात सायकल चालवणाऱ्याला आज सगळ्यात जास्त हवा असतो तो मागून हॉर्न न वाजणारा रस्ता. सिंहगड रस्त्याने बाहेर पडा, हडपसरकडून पडा नाहीतर बाणेरकडून, पहिले दहा-बारा किलोमीटर टेम्पो आणि बसच्या मधून अंग चोरून काढावे लागतात. कितीतरी जण हौसेने सायकल घेतात, महिनाभर पहाटे महामार्गाच्या कडेने जाऊन येतात, आणि एखादा ट्रक कोपराला वारा लावून गेला की सायकल गॅलरीत उभी करून ठेवतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. नुकतीच ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणारी रुंद टायरची सायकल, घेतलेल्यांसाठीही आहे.

कारण डांबर सोडलं की पुण्याच्या चारही बाजूंना वाटांचं जाळं आहे. शेतात जाणारी पाणंद, दोन गावांच्या शिवेवरून जाणारा शिवरस्ता, जुनी गाडीवाट, कालव्याच्या बांधावरची वाट, धरणाच्या फुगवट्याकडेची वाट. यांवर दिवसभरात दहा-वीस मोटारसायकली, दोन-चार ट्रॅक्टर आणि एखादा मेंढरांचा कळप एवढीच वर्दळ असते. या वाटा कुणी सायकलवाल्यांसाठी बांधलेल्या नाहीत. शेतकऱ्यांनी आपल्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या राखल्या आहेत, आणि आपण त्यांवर पाहुणे आहोत. एवढं मनात पक्कं असलं की पुढचं बरंच सोपं जातं.

नवीन माणूस बहुधा विचारतो, ‘सायकल कुठली घेऊ?’ मला विचाराल तर तो प्रश्न बराच नंतरचा. आधी हे विचारा, की आज, या महिन्यात, कुठल्या दिशेची माती चाकाखाली चालेल?

पहिली पायरी: महिना बघून दिशा ठरवा

पुणे सह्याद्रीच्या कुशीत आणि पर्जन्यछायेच्या तोंडाशी एकाच वेळी वसलेलं आहे. पश्चिमेला मुळशी-ताम्हिणीकडे चाळीस-पन्नास किलोमीटर गेलात की पाऊस शहराच्या कित्येक पट. पूर्वेला तेवढंच अंतर गेलात की जेजुरी-सुप्याकडचं माळरान, जिथे पावसाची वाट बघण्यातच अर्धा पावसाळा जातो. सायकलवाल्याला याचा फायदा असा, की वर्षभर कुठली ना कुठली दिशा चांगली असते.

जून ते सप्टेंबर पूर्वेला आणि आग्नेयेला जा. पुरंदर तालुका, दौंडचा माळ, बारामतीची शीव. पावसाची सर येते, तासाभरात मुरूम पाणी पिऊन टाकतो आणि वाट पुन्हा घट्ट होते. याच दिवसांत मावळ-मुळशीच्या आतल्या वाटा गुडघाभर चिखल असतात, भाताची लावणी चालू असते, आणि अशा वेळी बांधावरून सायकल नेणं म्हणजे दुसऱ्याच्या कामात पाय घालणं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला कुठेही जा. हवा धुतलेली, गवत कमरेएवढं, माती अजून ओलसर म्हणून धूळ नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी पश्चिमेला. भात कापून झालेला असतो, खाचरं कोरडी पडतात, धरणांच्या फुगवट्याला पाणी भरपूर असतं. पूर्वेकडे तेव्हा ऊसतोड चालू असते आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अरुंद रस्ता अडवून चालतात. त्यांच्या मागेही राहू नका आणि शेजारीही जाऊ नका, उसाची मोळी कधी घसरेल सांगता येत नाही.

मार्च ते मे कालवा. झाडं आहेत, आवर्तन (शेतीसाठी पाळीने सोडलेलं कालव्याचं पाणी) सुटलेलं असेल तर पाण्यावरून येणारी हवा गार असते. पण सकाळी नऊ-साडेनऊला घरी परत.

आषाढी वारीच्या दिवसांत पंचांग बघून निघा. ज्ञानोबांची पालखी दिवे घाटातून सासवड-जेजुरीकडे आणि तुकोबांची लोणी काळभोर-यवतवरून बारामतीकडे जाते. आजूबाजूच्या आडवाटांनीही वाहनं वळवलेली असतात.

दुसरी पायरी: माती वाचायला शिका

ग्रॅव्हल या शब्दाचं मराठी काय, असं मला नवी मंडळी विचारतात. खडी नव्हे. खडी म्हणजे क्रशरमधून फोडून आणलेला धारदार दगड. ग्रॅव्हलला आपल्याकडे खरा शब्द आहे मुरूम. काळा कातळ हजारो वर्षं ऊन-पाऊस खाऊन झिजतो, त्याचा तांबूस, पिवळसर किंवा करडा दाणेदार मुरूम होतो. तो दाबला की जवळजवळ डांबरासारखा बसतो, पाणी धरून ठेवत नाही, आणि चाकाखाली बारीक करकर आवाज देतो. तो आवाज एकसारखा येतोय तोवर निर्धास्त चाला. आवाज थांबला की खाली बघा. एक तर काळी माती सुरू झाली आहे, नाहीतर फुफाटा.

काळी माती कोरडी असताना फार सुंदर. घट्ट, गुळगुळीत, मुरमापेक्षाही मऊ चाल. पण एक सर पडू द्या. पहिल्या वर्षी जुलैमध्ये सुप्याच्या अलीकडे मी अशा एका पाणंदीत शिरले. सुरुवातीचे शंभर पावलं मुरूम होता म्हणून पुढचाही असेल असं धरून चालले. वळण घेतल्यावर चाक जड झालं. आणखी वीस-पंचवीस फूट गेल्यावर पुढचं चाक फिरायचंच थांबलं. उतरून बघते तर टायर आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा दुपाखी दांडा) यांच्या मधली बोटभर जागा मातीने गच्च भरलेली, वर गवताच्या काड्या कालवून अगदी शेणामातीच्या गिलाव्यासारखी. ढकलावी तर ढकलत नाही, उचलावी तर दुप्पट वजन. काठीने खरवडत बसले होते तेव्हा शेजारच्या रानातून एक आजोबा आले. काही न बोलता त्यांनी खुरपं पुढे केलं. मग म्हणाले, “पावसात ह्या रानात बैल घालीत न्हाई आमी, तुमी सायकल घातली.” खुरप्याने पाच मिनिटांत काम झालं. त्या दिवसापासून माझ्या पाठपिशवीत लाकडी कालथा असतो आणि पावसाळ्यात काळ्या रानाच्या तोंडाशी मी उतरून चिमूटभर माती बोटांत चोळून बघते. चिमटीत चिकटून लांबली तर परत फिरायचं. भुगा झाली तर जायचं.

पश्चिमेकडची तांबडी माती वेगळी. ती काळीइतकी चिकटत नाही, पण ओली असताना शेवाळल्यासारखी निसरडी होते, विशेषतः झाडाखाली. उतारावर तिथे पुढचा ब्रेक जोरात दाबलात तर पडलातच.

फुफाटा म्हणजे उन्हाळ्यात ट्रॅक्टरने दळून पिठासारखी झालेली धूळ. चार-सहा बोटं खोल असते आणि वरून सपाट दिसते. त्यात शिरताना एक गियर हलका करा, हँडल घट्ट न धरता सैल धरा, वजन थोडं मागे न्या आणि पायडल मारणं थांबवू नका. थांबलात की चाक बसलं.

आणि चाकोरी. हा शब्द आपण आयुष्यभर टीका म्हणून वापरतो, त्याचा मूळ अर्थ इथे कळतो. गाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या दोन चाकांनी घासून केलेल्या दोन पट्ट्या म्हणजे चाकोरी. मधला उंचवटा गवताने झाकलेला असतो आणि त्यात दगड लपलेले असतात, म्हणून नवख्याने चाकोरीतच चालावं. एका चाकोरीतून दुसरीत जायचं असेल तर तिरपं-तिरपं सरकू नका, टायरची कडा घासून तोल जातो. वेग कमी करून शक्य तितकं काटकोनात ओलांडा.

उताराबद्दल एक सांगून पुढे जाते. घट्ट मुरमावर सुटा बारीक मुरूम पसरलेला असेल तर तो खळ्यावर ज्वारीचे दाणे सांडावेत तसा चाकाखाली घरंगळतो. ब्रेक वळणाच्या आधी मारा, वळणात नाही. मागचा आधी, पुढचा हलक्या बोटांनी.

तिसरी पायरी: सायकल, टायर आणि हवा

घरात जुनी एमटीबी (डोंगरी वाटांची जाड टायरची सायकल) किंवा हायब्रिड (ती आणि रस्त्याची सायकल यांच्या मधली) असेल तर पहिले सहा महिने तीच चालवा. एमटीबी थोडी जड जाईल, हायब्रिडला टायर जरा रुंद घालावा लागेल, बस. ग्रॅव्हल सायकल घ्यायचीच झाली तर तीन गोष्टी बघा: ४० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर बसतो का, डिस्क ब्रेक आहेत का, आणि चढाला पुरेसा हलका गियर आहे का. आपल्याकडचे घाट बघता पुढच्या सगळ्यात लहान चक्राइतके किंवा त्याहून जास्त दाते मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला हवेत. बाकी फ्रेम कार्बनची की अ‍ॅल्युमिनियमची, ही चर्चा पहिल्या वर्षी सोडून द्या.

हवा मात्र शिका. डांबरावरची टणक हवा घेऊन मुरमावर गेलात तर हातांना मुंग्या येतील आणि चाक उडत राहील. साधारण ७० किलोचा माणूस आणि ४० मिलिमीटरचा टायर असेल तर ३५ ते ४० पीएसआयपासून (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) सुरू करा, आत ट्यूब असेल तर थोडी जास्त. मग दर फेरीला दोन-दोन पीएसआय कमी करून बघा. रिम दगडाला टेकल्याचा ‘ठक्’ आवाज आला की तिथून थोडं वर या. हा तुमचा आकडा. कुठंतरी लिहून ठेवा.

पुण्याच्या पूर्वेला ट्यूबलेस टायर करून घेण्याला मी चैन मानत नाही. कारण काटे. वेड्या बाभळीचा काटा बोटाएवढा लांब असतो आणि शेतकरी कुंपण करताना तिच्या फांद्या वाटेच्या कडेला ओढत नेतात. सराटा त्याहून वाईट. जमिनीलगत पसरणारी पिवळ्या फुलांची वेल, तिचं फळ कसंही पडलं तरी एक काटा आकाशाकडेच असतो. टायरच्या आत सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव, असेल तर असे पाच-सात काटे तुम्हाला कळतही नाहीत. ट्यूबच ठेवणार असाल तर दोन जादा ट्यूब, पंक्चरचे पॅच, टायर उचकटायची पट्टी (टायर लिव्हर), छोटा पंप. हे सगळं सोबत आहे एवढ्यावर समाधान मानू नका. घरी पंख्याखाली बसून दोनदा चाक काढून ट्यूब बदला, मगच माळावर जा.

चौथी पायरी: वाट शोधणं

आदल्या रात्री उपग्रह नकाशा उघडा. पिवळसर-तपकिरी रेघ म्हणजे मुरूम, करडी सरळ रेघ म्हणजे सिमेंटचा रस्ता. दोन्ही बाजूंना झाडांची रांग असलेली वाकडीतिकडी काळपट रेघ बहुधा जुनी पाणंद असते. एकदम पांढरी रेघ दिसली आणि ती एका पांढऱ्या खड्ड्याकडे जात असेल तर तिच्या वाटेलाच जाऊ नका. ती दगडखाण किंवा खडी क्रशर आहे. तिथे डंपर असतात आणि धुळीत त्यांना तुम्ही दिसत नाही.

नकाशा आधी फोनमध्ये उतरवून ठेवा, दऱ्याखोऱ्यांत रेंज जाते. जास्त खोलात जायची आवड असेल तर भूमी अभिलेख खात्याचे गावनकाशे बघा. त्यात ग्रामीण रस्ते, गाडीमार्ग, पायमार्ग वेगवेगळ्या रेघांनी दाखवलेले असतात, आणि कुठली वाट सार्वजनिक आहे याचा अंदाज येतो. मात्र नकाशावरची वाट जमिनीवर असेलच असं नाही. कुणी नांगरलेली असते, कुणी तार ओढलेली असते. तार दिसली की परतायचं. ती उचलून खालून सायकल सरकवायची नाही.

गावात विचारण्याची एक रीत आहे. ‘दादा, ही वाट पुढे जाते का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘जाते की’ असंच येणार, कारण त्यांच्या दृष्टीने पायी जाणं म्हणजे जाणंच. म्हणून असं विचारा: ‘मोटारसायकल जाते का? ट्रॅक्टर जातो का?’ ट्रॅक्टर जात असेल तर तुम्ही आरामात जाल. फक्त मोटारसायकल जात असेल तर कुठेतरी उतरावं लागेल. ‘पायवाट हाये’ म्हणाले तर सायकल खांद्यावर. आणि विचारताना सायकलवरून उतरा, चष्मा काढा, आधी राम राम घाला. मग पुढची वाटच नव्हे, ओढ्याला पाणी किती आहे आणि कुणाचं कुत्रं सोडलेलं आहे हेही कळतं.

पाचवी पायरी: पहिली फेरी कालव्याची

अगदी पहिल्यांदा जाणाऱ्याला मी लोणी काळभोर ते उरुळी कांचन हा मुठा उजव्या कालव्याचा टप्पा सांगते. कालव्याला पाणी आपल्या वजनाने वाहून न्यायचं असतं, म्हणून तो डोंगराच्या पोटाशी वळणं घेत जवळजवळ सपाटीने जातो. बांधावरची वाटही तशीच. चढ नाही, उतार नाही. नवख्या माणसाला श्वास सांभाळत फक्त मुरमावरचा तोल शिकता येतो. वळणांमुळे महामार्गाने दिसतं त्यापेक्षा अंतर वाढतं, तेवढं धरून चाला.

इथे एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. कालवे दोन आहेत. आपल्याला हवा तो नवा कालवा खडकवासल्याचं पाणी घेऊन इंदापूरपर्यंत जातो. जुना, ज्याला सगळे बेबी कालवा म्हणतात, त्यात आता मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) शहराचं सांडपाणी प्रक्रिया करून सोडलं जातं. त्याच्या कडेने फार वेळ चालवत नाही. लोकांना विचारताना ‘नवा कॅनॉल’ असं स्पष्ट विचारा.

कालव्याच्या ज्या बांधावर पाटबंधारे खात्याची जीप जाऊ शकते ती बाजू धरा. दुसऱ्या बाजूला नुसती पायवाट असते आणि ती मध्येच तुटते. पाण्यापासून नेहमी एका सायकलीच्या लांबीएवढं अंतर राखा. हे मी पोटतिडकीने सांगते आहे. काँक्रीटचं अस्तर केलेल्या कालव्याच्या कडा उतरत्या आणि शेवाळलेल्या असतात, आवर्तनाच्या पाण्याला ओढ असते, आणि आत पडलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हात धरायला काही सापडत नाही. हात-तोंड धुवायलासुद्धा खाली उतरू नका. लहान मुलं सोबत असतील तर हा मार्ग घेऊच नका.

उरुळी कांचनला पोचलात की नाश्ता करा. गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम याच गावात आहे. जोम असेल तर तसंच पुढे यवतकडे जा. यवत-केडगाव भागात हंगामात गुऱ्हाळं चालू असतात. मालकाला विचारून आत गेलात तर काहिलीतला गरम काकवीचा पेला मिळतो, त्याची बरोबरी कुठलीच एनर्जी जेल करत नाही.

सहावी पायरी: बहुलीचा रस्ता

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला पश्चिमेला. वारजे, शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे हा भाग सकाळी सहाच्या आत पार करा, कारण सातनंतर तिथे श्वास घ्यायला जागा नसते. पुढे कुडजे, आगळंबे, मांडवी, संगरूण अशी गावं लागतात. उजवीकडे डोंगर, डावीकडे खडकवासल्याचा फुगवटा. पलीकडच्या तीरावर पानशेत रस्त्याची गर्दी, सिंहगडाचे मनोरे आणि अलीकडे तुम्ही एकटे, हा फरक पहिल्यांदा अनुभवताना फार गंमत वाटते. मुख्य रस्ता लहान आणि डांबरी आहे, पण प्रत्येक गावातून पाण्याकडे उतरणाऱ्या मातीच्या वाटा आहेत आणि खरं सायकलिंग त्यांवर आहे. एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) हद्द जिथे आहे तिथे पाट्या आणि कुंपण आहे. ते लष्करी क्षेत्र, तिथे वाट कितीही छान दिसली तरी शिरायचं नाही.

संगरूणजवळ आंबी, मोसे आणि मुठा एकत्र येतात. पानशेत, वरसगाव आणि टेमघर या तीन धरणांचं पाणी खडकवासल्यात जातं ते याच बाजूने. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा तो लोंढा इथूनच खाली पुण्याकडे गेला. आज जानेवारीत तिथे काठावर बसलं की पाण्यावर बदकांची रांग आणि पाठीमागे पोपटांचा गलका, एवढंच ऐकू येतं.

पाणी ओसरलेल्या फुगवट्याचा गाळ वरून भेगाळलेला, कोरडा दिसतो. आत तो ओला असतो. पाण्यापासून लांबच रहा.

ताकद वाढली की संगरूणवरून बहुली आणि पुढे मुठा खोऱ्यात जाता येतं. परतीला तोच रस्ता घ्या. पिरंगुटकडून शहरात येण्याचा मोह होतो, पण तिथली वाहनं सगळी मजा घालवतात.

सातवी पायरी: चढ, पठार आणि कऱ्हेचं खोरं

पुरंदर हा माझा सगळ्यात आवडता तालुका. कोंढवा-येवलेवाडीवरून बोपदेव घाट चढून वर आलात की हवा बदलते. घाटात मात्र वाहनं असतात आणि रस्ता निर्जनही आहे, म्हणून अंधारात तिथे असू नका, जाताना किंवा येताना. बाईमाणूस म्हणून मी हे जास्त काटेकोरपणे पाळते, पण पुरुषांनीही पाळावं. तीन-चार जणांनी मिळून जावं. नवख्यांनी सायकल गाडीवर टाकून भिवरीपर्यंत आणली तरी काही कमीपणा नाही, घाटाशी झगडण्यात पाय संपवण्यापेक्षा वरच्या पठारावर ते वापरलेले बरे.

भिवरी, गराडे, चांबळी, हिवरे, कोडीत या गावांच्या मधून मुरमाच्या असंख्य वाटा आहेत. एका बाजूला अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा, दुसऱ्या बाजूला उघडा माळ, समोर पुरंदर आणि वज्रगडाची जोडी. दिशा चुकण्याची भीती नाही, कारण तो डोंगर सगळीकडून दिसतो. अंजिराचा हंगाम असेल तर बागवानाकडून झाडाखालीच विकत घ्या, पण हात लावण्याआधी विचारा. हा भूगोल फार काळ असाच राहणार नाही. पुरंदर तालुक्यातल्या सात गावांच्या जमिनीवर विमानतळाची आखणी आहे. मला त्या माळाची आत्ताच आठवण येऊ लागली आहे.

पुढचा टप्पा लांबचा आहे, वर्षभर सराव झाल्यावर करा. जेजुरीला गाडीने जा, तिथून नाझरे धरणाच्या काठाने पांडेश्वर आणि तिथून मोरगाव. कऱ्हा नदी कायम आसपास राहते. पांडेश्वरच्या जुन्या महादेवाच्या देवळात सावली मिळते, मोरगावला मयूरेश्वराचं दर्शन आणि पोटभर जेवण. मोरगावच्या पुढे सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. ते चिंकारा या छोट्या हरणांचं घर आहे. तिथे वनरक्षकाला विचारल्याशिवाय सायकल घालू नका. बाहेरच्या शिवरस्त्यांवरूनही सकाळी चिंकारा दिसतो. दिसला की पायडल थांबवा आणि उभे रहा. तो पळाला नाही तर तुमचं बरोबर चाललं आहे.

पश्चिमेला याच तोडीचा मार्ग पौड, कोळवण, हाडशी, जवण, तिकोना पेठ असा आहे. वाळकी नदीच्या खोऱ्यातून चढत जाऊन पवनेच्या खोऱ्यात उतरायचं. जानेवारीत कापलेल्या आंबेमोहराच्या खाचरांतून जाताना तुसांचा वास येतो. शनिवार-रविवारी पवना धरणाकाठच्या तंबूवाल्या पर्यटकांची गर्दी असते, त्यामुळे शक्य असेल तर मधला वार बघा.

कुत्री, मेंढरं आणि बिबट्या

गावकुत्रं भुंकत आलं तर पळवू नका. उतरा, सायकल त्याच्या आणि आपल्या मध्ये घ्या, आणि हळू चालत जा. त्याची हद्द संपली की ते थांबतं. धनगरांच्या वाड्यावरची कुत्री मात्र कामावर असतात, ती मेंढरं राखतात. तिथे लांबून हाक मारून थांबा. धनगर कुत्रं आवरेपर्यंत पुढे जायचं नाही. कळप समोरून येत असेल तर वाटेच्या कडेला उभं राहून त्याला जाऊ द्या. घंटी वाजवली की मेंढरं फाकतात आणि बिचाऱ्याचा तासभर जातो.

उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. नीट उजाडल्यावरच निघा आणि सूर्य मावळण्याआधी मुख्य रस्त्याला लागा. उसाच्या कडेला पाणी प्यायला खाली बसू नका.

दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, मिठाची पुडी किंवा ओआरएस, हेल्मेट. घरी कुणाला तरी गावांची नावं क्रमाने लिहून द्या, ‘सायकलवर जाते आहे’ एवढं सांगून भागत नाही. मदतीसाठी ११२ हा आपत्कालीन नंबर लागतो, पण आपण कुठल्या गावच्या शिवारात आहोत हे सांगता आलं पाहिजे, म्हणून वाटेतल्या शाळा आणि ग्रामपंचायतींच्या पाट्या वाचत चला.

घरी आल्यावर

अंघोळीच्या आधी सायकल. चिखल ओला असेल तर वाळू द्या, मग ब्रशने झाडा. पाण्याचा जोरदार फवारा बेअरिंगवर मारू नका. साखळी फडक्याने पुसून तेलाचे थेंब टाका.

मग सायकल उलटी करून, एका हाताने चाक हळूहळू फिरवत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टायर चाचपा. सराट्याचं टोक रबरात मोडून राहिलेलं असतं. डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला टोचतं. चिमट्याने काढा. ट्यूबलेस असेल तर तिथून सीलंटचा पांढरा थेंब येईल, ते भोक खाली करून चाक मिनिटभर धरा, बंद होतं. ट्यूब असेल आणि हवा सुटली नसेल तरी काटा काढल्यावर रात्रभर सायकल तशीच ठेवा. सकाळी टायर बसलेलं असेल तर पंक्चर घरीच सापडलं.

तिथल्या तिथे वहीत तीन ओळी लिहा: तारीख, गावं, माती कशी होती. ‘१४ जुलै, गराडे ते कोडीत, मुरूम घट्ट, ओढ्यापाशी काळी, उतरावं लागलं.’ पुढच्या जुलैत हीच वही आधी उघडा.